छत्तीस पानं

एकतीस वर्षं मी कोरी पानं तपासली.
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, भिंग डोळ्याला लावून.
रेघ केसाएवढी सरकली की कागद बाद.
देशातलं कोण कुठं उडालं ते मला ठाऊक नाही,
पण ज्याच्या त्याच्या खिशातली ती निळी वही
कधीतरी माझ्या अंगठ्याखालून गेली असणार.
गेटवर झडती द्यायची, रिकाम्या हातांनी बाहेर पडायचं,
बिटकोच्या चौकात भेळभत्ता, आणि घर.

स्वतःची वही काढली ती निवृत्तीनंतर.
पडताळणीला आलेला पोलीस पोरगा म्हणाला,
'काका, कधीच बाहेर गेला नाहीत?'
म्हटलं, 'इगतपुरीपर्यंत गेलोय की.'

लिस्बनच्या विमानतळावर काचेमागच्या माणसानं
न बघताच शिक्का हाणला. वाकडा.
वरची कड नक्षीत घुसलेली, शाई फुटलेली.
मी पुन्हा पुन्हा बघत राहिलो.
रत्नप्रभा म्हणाली, 'चला आता, मागं रांग आहे.'

मुक्तिधामच्या कट्ट्यावर सोनवणे विचारतात,
आयफेल बघितला का?
नाही, तो दुसऱ्या टूरमध्ये होता.
मग काय बघितलं?
मणियारभाई म्हणतात, सांगा की, पैसे गेलेत तेवढे.

काय सांगू.
निळ्या फरशा बघितल्या, भिंतीच्या भिंती.
चढ बघितले, गुडघ्यांनी मोजलेले.
पाण्याच्या बाटलीला नव्वदनं गुणून
तहान मारायला शिकलो.
रात्री नऊ वाजता ऊन खिडकीत तसंच बसलेलं,
आणि ही हातात काडेपेटी घेऊन उभी:
'अहो, दिवेलागण नेमकी कधी धरायची इथं?'
शेवटी नाशिकच्या वेळेनं हात जोडले तिनं,
भर उन्हात.

आणि माणसं बघितली, पायऱ्यांवर बसलेली.
काम नाही, वाट बघणं नाही, नुसती बसलेली.
नदीकाठी एक म्हातारा आपल्या म्हातारीला
कागदी पिशवीतून एकेक चेरी काढून देत होता,
निलमोहराची फुलं दोघांच्या डोक्यावर पडत होती
आणि कुणी झटकत नव्हतं.
टूरवाला आर्चिस घड्याळ दाखवत होता,
फोटोला दहा मिनिटं, मग बस.
आम्ही त्या दोघांना बघत बसलो. फोटो राहिला.

एका बोळात, दुपारी बाराला, डोक्यावर घंटा झाली.
रत्नप्रभा थबकली. मोठ्यानं म्हणाली, 'नारोशंकर!'
सगळी टूर वळून बघायला लागली.
आता वसईच्या किल्ल्यातून फिरंग्यांची घंटा आणली
असं आपण सगळे ऐकत आलोय,
खरं खोटं इतिहासवाले जाणोत.
पण हिनं वर बघून, अगदी विहिणीला सांगावं तसं सांगितलं,
'दिल्या घरी सुखी आहे हो.
पुराचं पाणी लागतं कधीमधी पायाला, एवढंच.'

परत आल्याच्या तिसऱ्या दिवशी ती म्हणाली,
गंगेवर जाऊ.
कशाला, विचारलं तर म्हणाली, असंच.
असंच?
चाळीस वर्षं या गावात संसार केला,
आणि या पायऱ्यांवर आलो ते कुणाच्या ना कुणाच्या दहाव्याला,
घड्याळ बघत, ओल्या पंच्याकडं पाठ करून.

त्र्यंबककडच्या बाईकडून पानाच्या द्रोणात करवंदं घेतली.
बसलो. समोर भिंतीवर घंटा, तिच्याखाली कबुतरं.
दगड अजून दिवसभराचे तापलेले.
एक पोरगा पाण्यात चुंबक टाकून नाणी ओढत होता.
मी प्रेसमधला माणूस, त्याच्या दोरीची गाठ तपासत बसलो.
रत्नप्रभानं एक करवंद माझ्या हातावर ठेवलं.
चीक बोटांना चिकटला.

गुरुजी आले, सायकल भिंतीला लावून.
आमच्याकडं बघून आवाज खाली आणला.
'कुणाचं?'
म्हटलं, 'कुणाचंच नाही. बसलोय नुसते.'

त्यांना पटलं नाही.
दोन पायऱ्या उतरून गेले,
आणि पुन्हा एकदा वळून बघितलं.